मयत सम्राटाचे वारस

टीव्हीवर सम्राट मेला की आमचे भाऊसाहेब रिमोट उचलतात, चित्र थांबवतात, उठून ट्यूबलाइट लावतात आणि खोलीत बसलेल्या सगळ्यांकडे बघून विचारतात, "वारस किती?"

सम्राट परग्रहावरचा असतो. त्याच्या छातीत विजेचा भाला घुसलेला असतो, मागं दोन चंद्र उगवलेले असतात, सेनापतीच्या डोळ्यांत पाणी आलेलं असतं. ते पाणी पडद्यावर तसंच लोंबकळत राहतं. उत्तर मिळाल्याशिवाय पुढं जायची सोय नसते.

"दोन मुलगे," मी म्हणतो.

"आणि?"

"राणी."

"विधवा पत्नी एक," भाऊसाहेब दुरुस्त करतात. "आणि?"

"मुलगी आहे एक. पण तिचं लग्न झालंय."

"लग्न झालं म्हणून वारस कमी होतो का, शिंदे?" ते माझ्याकडं असं बघतात, जणू सम्राटाला भाला मीच मारला. "एकूण वारस चार. हं, आता लावा."

रंगनाथ भाऊसाहेब निवृत्त तलाठी. आमच्याकडं तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात, आणि निवृत्तीनंतर पेन्शनीसारखी ही हाकही चालू राहते. मूळ गाव पाथर्डी तालुक्यातलं. नोकरी मात्र शेवगाव, जामखेड, पारनेर अशी सगळ्या जिल्ह्यात. आमच्या कॉलनीत, नगरला, ते माझ्या शेजारच्या घरात एकटेच राहतात. पत्नी गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्यात कंपनीत आहे. वडिलांना करमावं म्हणून त्यानं भिंतभर मोठा टीव्ही बसवून दिला आणि सगळ्या जगातल्या मालिका दिसतील अशी व्यवस्था करून दिली. भाऊसाहेबांनी क्रिकेट बघितलं नाही, बातम्या बघितल्या नाहीत. कसे कोण जाणे, एका परदेशी मालिकेवर येऊन थांबले. हिंदीत भाषांतर केलेली, आकाशातल्या साम्राज्याची, राजगादीची आणि यादवीची मालिका. तिचं नाव इतकं लांब आहे की कॉलनीत कुणी ते घेत नाही. आम्ही तिला 'भाऊसाहेबांची मालिका' म्हणतो.

रविवारी दुपारी तिकडं बैठक बसते. मी, माझी पत्नी सुनंदा आणि समोरच्या घरातले शेख सर. शेख सरांनी सारी हयात हायस्कुलात विज्ञान शिकवलं. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हिशेब बघतो. म्हणजे मालिका बनवणाऱ्यांनी घाबरावं असाच प्रेक्षकवर्ग आहे.

सुरुवातीला शेख सर फार अस्वस्थ व्हायचे. "अवकाशात हवा नाही, तर स्फोटाचा आवाज येतो कसा?" असं ते दर लढाईला विचारत. भाऊसाहेबांनी शेवटी कामाची वाटणीच करून टाकली. "सर, आवाजाचं तुम्ही बघा. वारसाचं मी बघतो. इंधनाचं शिंदे बघतील."

"आणि मी?" सुनंदानं विचारलं.

"वहिनी, तुम्ही कोण खरं बोलतंय ते बघा. ते आम्हा तिघांना कळत नाही."

भाऊसाहेबांना तीन डोळ्यांचा माणूस पटतो. प्रकाशाहून वेगानं जाणारं जहाज पटतं. मेलेला सेनापती काचेच्या बाटलीतून पुन्हा उगवला, तेही त्यांनी मुकाट्यानं पचवलं. पण सम्राट सकाळी मेला आणि संध्याकाळी थोरला राजपुत्र गादीवर बसला, हे त्यांना सहन होत नाही.

"नोटीस कुठंय? चावडीवर लावली का? हरकतीला मुदत दिली का? एवढे ग्रह आहेत, कुणाची हरकत असेल, नसेल. अहो, अर्ध्या एकराचा फेरफार मंजूर करायला मी माणसांना थांबवून ठेवायचो. इथं आख्खं आकाश चाललंय, आणि मंडळ अधिकाऱ्याचा पत्ता नाही."

"राजेशाही आहे, भाऊसाहेब," शेख सर समजूत घालत.

"राजाही मयत होतोच ना? मयताला वारस असतातच ना? मग?"

मालिकेतल्या माणसांची नावं ते घेत नाहीत. मेलेला सम्राट 'मयत'. थोरला राजपुत्र 'वारस क्रमांक एक', धाकटा 'क्रमांक दोन'. राजकन्या 'क्रमांक तीन'. शत्रूंचा राजा 'लगतचा कब्जेदार'. आम्हालाही ती सवय लागली आहे. परवा सुनंदा फोनवर तिच्या बहिणीला सांगत होती, "अगं, क्रमांक दोननं विषप्रयोग केला," आणि पलीकडून बहिणीनं घाबरून विचारलं, पोलिसांना कळवलं का?

हे सगळं गमतीचं वाटत असेल, तर दुसऱ्या पर्वाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण त्यानंतर आम्ही हसायचं थोडं कमी केलं.

दुसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला दोघा राजपुत्रांनी साम्राज्य वाटून घेतलं. पूर्वेचे ग्रह थोरल्याला, पश्चिमेचे धाकट्याला. भोजन झालं, मिठ्या मारल्या, आतषबाजी झाली. पुढची लढाई या दोघांतच होणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मी दोघांची जहाजं मोजून कोण जिंकेल याचा अंदाजही बांधला होता. भाऊसाहेबांनी चित्र थांबवलं.

"बहिणीची सही घेतली का?"

"कुणाची?"

"क्रमांक तीनची. वाटणीपत्रावर दोघांच्याच सह्या दिसतात." ते पडद्याजवळ जाऊन, चष्मा वर करून, त्या चमकत्या कागदावरची परग्रहाची लिपी बघत होते. "मयतानं लेक दिली कुठं? त्या इंधनाच्या चंद्रावर. म्हणजे सामायिक विहीर तिच्या दारात. आणि वाटणीला तिला साधा निरोप नाही. शिंदे, लिहून घ्या. हे दोघं भांडणार नाहीत. यादवी तिच्याकडून सुरू होणार."

"बाईकडं सैन्य कुठंय?" मी म्हणालो.

"सैन्य कशाला लागतं? पाण्याची पाळी बंद केली की झालं."

चार रविवार गेले आणि राजकन्येनं इंधन बंद केलं. थोरल्याची जहाजं पूर्वेला उभी, धाकट्याची पश्चिमेला उभी. शेख सर जागेवरून उठले आणि त्यांनी भाऊसाहेबांशी हस्तांदोलन केलं. सुनंदानं दुसऱ्या दिवशी शेवयाची खीर पाठवली. मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत ही हकिकत इतक्या वेळा सांगितली की एक इंजिनिअर मला म्हणाला, "तुम्हीच ओळखलं असतं तरी इतकं सांगितलं नसतं." खरं आहे. दुसऱ्याच्या हुशारीचा अभिमान मोकळेपणानं मिरवता येतो. लोकांच्या कॉलनीत आमदाराचे मेहुणे राहतात, क्रिकेटपटूचे मामा राहतात. आमच्या कॉलनीत आकाशातली यादवी पाटपाण्याच्या पाळीवरून ओळखणारा माणूस राहतो.

भाऊसाहेबांच्या डोक्यात मात्र हवा गेली नाही. त्यांनी एक अर्ज केला, एवढंच. मालिका दाखवणाऱ्या कंपनीला. 'विषय: मयत सम्राट यांचे वारस नोंदीबाबत हरकत.' मराठीत, मुद्देवार, शेवटी 'कळावे' लिहून. मुलाकडून तो ई-मेलनं पाठवून घेतला. कंपनीच्या यंत्रानं इंग्रजीत आपोआप उत्तर दिलं, की तुमचा अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो. भाऊसाहेबांनी त्याची छापील प्रत काढली आणि कोपऱ्यात लिहिलं, 'पोच मिळाली.'

त्यानंतर एकदा खीर खाता खाता सुनंदानं सहज विचारलं, "भाऊसाहेब, तुमच्या घरी घेतली का हो बहिणीची सही?"

ते चमच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "नाही. आक्काचं नाव सातबाऱ्यावर आहे."

पुढचं त्यांनी तुकड्यातुकड्यानं सांगितलं. दोघे भाऊ, एक बहीण. दादा सगळ्यांत थोरला, मग आक्का, मग हे. वडील वारले तेव्हा हे जामखेडकडं नोकरीला होते. वारस म्हणून तिघांचीही नावं लागली. मग दादांनी सांगितलं, आक्काचं हक्कसोड पत्र करून घे. आमच्याकडं तशी रीत आहे. बहीण निबंधकाच्या कचेरीत जाते, हिस्सा सोडला म्हणून अंगठा देते, आणि त्या बदल्यात तिचं माहेर उघडं राहतं. दिवाळीला लुगडं, जत्रेला बोलावणं. कागदावर हे कुठंच लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांना पाठ असतं.

"दादा म्हणाला, तू तलाठी, तुझं ऐकेल ती. मी म्हणालो, मी तलाठी आहे म्हणूनच सांगणार नाही. तिनं आपणहून हिस्सा दिला तर घे. आक्काच्या घरी तेव्हा मालक आजारी होते. ती म्हणाली, थोडं थांबा. दादा थांबला नाही." भाऊसाहेबांनी वाटी खाली ठेवली. "सही होईल तेव्हा दोघांनी दारात या, म्हणाला. तेव्हापासून भाऊबीज इथंच होते."

जमीन सगळी दादाच कसतात. भाऊसाहेबांनी आपल्या हिश्श्याचं कधी काही मागितलं नाही. गावातून माणूस आला की ते पावसाचं विचारतात, विहिरीचं विचारतात, आणि अगदी शेवटी, त्याला पोचवायला म्हणून बुटात पाय घालता घालता, "दादाचे गुडघे कसे आहेत?" असं विचारतात.

मालिकेचा शेवटचा भाग जानेवारीतल्या एका रविवारी होता. आम्ही जरा लवकरच गेलो, तर कोचावर आक्का बसलेल्या. नऊवारी, कपाळ मोकळं, मांडीवर पिशवी. पाथर्डीहून सकाळच्या एसटीनं आल्या होत्या.

"हे शिंदे, ह्या वहिनी, हे शेख सर," भाऊसाहेबांनी ओळख करून दिली.

"व्हय, ठावं हाय मला. आवाजवालं, इंधनवालं," आक्का म्हणाल्या. "फोनवर सगळं सांगतोय त्यो."

सुनंदानं येण्याचं कारण विचारलं, आणि आक्कांनी ते न लपवता सांगितलं. दादांच्या नातवाचं लग्न ठरलं होतं. दादांनी निरोप पाठवला होता, मंगळवारी पाथर्डीला निबंधकाच्या कचेरीत येऊन सही कर. सही झाली की लग्नाची पहिली पत्रिका तुला आणि दुसरी रंगनाथला. भाऊसाहेबांनी साक्षीदार म्हणून यायचं होतं.

"घर बगितलं न्हाई किती वर्सं," आक्का म्हणाल्या. "आई बसायची त्यो ओटा पाडला म्हनं. मला तेवडं बगायचंय."

भाऊसाहेबांनी नवा सदरा इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. तो मंगळवारसाठी होता की लग्नासाठी, ते मी विचारलं नाही. पण चहाचे कप आणताना ते शीळ घालत होते. इतक्या वर्षांत मी ती पहिल्यांदा ऐकली.

मालिका सुरू झाली. आक्कांना हिंदी पुरतं कळत नव्हतं, म्हणून सुनंदा शेजारी बसून सांगत होती. दोन्ही राजपुत्रांची सैन्यं, उरलंसुरलं इंधन जाळत, इंधनाच्या चंद्राभोवती आली. आता शेवटची लढाई होणार, असं वाटत असतानाच राजकन्या राजवाड्यातून एकटी बाहेर आली. तिनं मुकुट काढून पायरीवर ठेवला आणि भावांच्या कागदावर सही केली. साम्राज्य भावांचं, चंद्रही भावांचा. लाखो सैनिकांनी शस्त्रं खाली टाकली. संगीत इतकं चढलं की शेख सरांनी चष्मा पुसला.

"युद्ध टळलं," मी म्हणालो. "एवढी जहाजं वाचली."

भाऊसाहेब विचार करून म्हणाले, "रीतसर आहे. स्वखुशीनं दिलंय. समोर साक्षीदार आहेत. मंजूर करायला हरकत नाही."

आक्का पडद्याकडं बघत होत्या. "मंग आता ही जायची कुठं?"

पडद्यावर भावांची मिरवणूक चालली होती. एकदम शेवटी, अगदी क्षणभर, एक लहानसं जहाज काळ्या आकाशात चाललेलं दिसलं. आत राजकन्या एकटी होती. मग अक्षरं वर सरकू लागली.

"मिरवणुकीत न्हाई घेतली तिला," आक्का म्हणाल्या.

"कथा संपली ना, आक्का," शेख सर म्हणाले.

"त्यांची संपली. तिला अजून जेवायचं आसंल, झोपायचं आसंल." त्या भाऊसाहेबांकडं वळल्या. "रंगा, माजं जाऊबाईसारखं झालं तर? तिनं सही दिली. दोन दिवाळ्या बोलावलं भावांनी. मंग भाऊ गेलं, भाच्यांना कोन आत्या? ती आजूनबी आवराआवर करून दारात बसती दिवाळीची." थांबून म्हणाल्या, "मी सही करू का?"

भाऊसाहेब ताठ बसले. चावडीतला आवाज लावला. "हे बघ, मी काही सांगणार नाही. तुझा हक्क आहे, तुझी इच्छा आहे. सही दबावाखाली नको, आणि सहीला नकारही दबावाखाली नको. मी साक्षीदार आहे. साक्षीदारानं..."

"तलाठ्याला न्हाई इचारलं मी," आक्का म्हणाल्या. "भावाला इचारलं."

भाऊसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं, शेख सरांकडं पाहिलं. ते उठून खिडकीशी गेले. खुर्चीवरचा सदरा त्यांनी उगीच सरळ केला.

"नको करू," ते म्हणाले.

"दादा मंग तुलाबी न्हाई बोलवायचा."

"न्हाई बोलवायचा."

"लग्नालाबी."

"न्हाई तर न्हाई." मी त्यांच्या तोंडून गावची बोली त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. "तुजं नाव तितं हाय तवर तू त्या गावची हायेस. बोलावू दे, न बोलावू दे. नको करू सही, आक्के."

आक्कांनी पदरानं नाक पुसलं आणि सुनंदाला म्हणाल्या, "भाकरी टाकते. पीठ कुठं ठेवतोय ह्यो?"

मंगळवारी निबंधकाच्या कचेरीत कुणी गेलं नाही. आक्कांनी दादांना फोन केला, सही होणार नाही म्हणाल्या, आणि पोराला आशीर्वाद आहे म्हणाल्या. पत्रिका आली नाही, पहिलीही नाही आणि दुसरीही.

लग्नाच्या दिवशी सकाळी भाऊसाहेब आमच्या दारात उभे राहिले. अंगात तो इस्त्रीचा सदरा होता. "शिंदे, गाडी मोकळी आहे का? आक्काला शेत दाखवून आणायचंय. घरी जाणार नाही. शेतात जायला पत्रिका लागत नाही."

मी आणि सुनंदा निघालो. आक्का पाथर्डीच्या स्टँडवर हिरव्या लुगड्यात उभ्या होत्या. गावाच्या अलीकडंच गाडी लावून आम्ही पायवाटेनं शेतात शिरलो. ज्वारी कमरेच्या वर गेली होती आणि कणसं पांढरी झाली होती. आक्का एकेक जागा दाखवत चालल्या होत्या, इथं विहीर, इथं शेवगा होता, इथं रंगा पडला आन् दात पाडून घेतला. भाऊसाहेब मान डोलावत होते. बांधावर बसून आम्ही शिदोरी सोडली.

गावातून बँड ऐकू येत होता. मग तो थांबला आणि कर्ण्यावर मंगलाष्टकं सुरू झाली. वाऱ्यावर शब्द येत होते, जात होते. आक्कांनी जेवण थांबवलं. उठून दोन कणसं मोडली, तळहातावर चोळली, फुंकर मारून फोल उडवलं. हातात पांढरे, टपोरे दाणे राहिले.

"आक्के, पेरा दादाचा आहे," भाऊसाहेब म्हणाले. "जमिनीत तुझा हिस्सा आहे, पण उभ्या पिकात नाही."

"ठावं हाय मला. त्याच्या नातवालाच टाकतीय."

भाऊसाहेबांनी यावर विचार केला. त्यात काही हरकत घेण्यासारखं सापडेना. त्यांनी पायांतल्या वहाणा काढून ठेवल्या, आपला तळहात पुढं केला आणि आक्कांनी अर्धे दाणे त्यात ओतले. सुनंदानं डोक्यावरून पदर घेतला. कर्ण्यावर 'सावधान' झालं की दोघं बहीण-भाऊ गावाच्या दिशेनं हात उंचावून चार चार दाणे टाकत होते. ते समोरच्याच सरीत पडत होते. शेवटच्या 'सावधान'ला भाऊसाहेबांनी मूठ सगळी रिकामी केली, अगदी जोर लावून, घर जवळच असल्यासारखी.